टिरोल लढून नाही मिळाले

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवार पुरवणीतल्या टिरोल या आल्प्समधल्या प्रदेशावरील लेखात ऑस्ट्रियाच्या हाब्सबुर्ग राजघराण्याने तो लढून जिंकला आणि तिथली चौदाव्या शतकातली शासक मार्गारेटा कुरूप होती, असे छापले आहे. दोन्ही विधाने चुकीची आहेत.

टिरोलच्या मूळ काउंटांचा (सरदार-शासकांचा) पुरुषवंश १२५३ मध्ये खुंटला आणि लेकीच्या लग्नामुळे वारसा ग्योर्त्सच्या घराण्याकडे गेला. १२७१ मध्ये तिथल्या दोन भावांनी वाटणी केली. टिरोल दुसऱ्या मैनहार्टकडे आले.

मैनहार्टने प्रदेश उभा केला तो पैशाच्या जोरावर. ब्रेनर (१,३७० मीटर) आणि रेशेन खिंडींतल्या वाटांवरची जकात, इन्सब्रुकजवळच्या हॉलचे मीठ आणि मेरानची टांकसाळ त्याच्या हातात होती. मेरानच्या चांदीच्या नाण्यावर एका बाजूला एकावर एक तिरके बसवलेले दोन क्रूस आणि दुसरीकडे गरुड असे. एक नाणे वीस बर्नरचे (बर्नर हे लहान नाणे). शेजारच्या राजवटींनी त्याची नक्कल केली, यावरून त्याची पत कळते. असा मुलूख कोणाला नको असेल?

मैनहार्टचा मुलगा हाइन्रिख १३३५ मध्ये वारला. त्याला मुलगा नव्हता. त्याच्याकडचा कारिंथिया प्रांत हाब्सबुर्गांनी मिळवला, टिरोल मात्र मुलगी मार्गारेटाकडे राहिले. नोव्हेंबर १३४१ मध्ये नवरा, लक्झेंबर्गचा योहान हाइन्रिख, शिकारीहून परतला तेव्हा तिने त्याला किल्ल्यात घेतलेच नाही. स्थानिक सरदार तिच्या पाठीशी होते. फेब्रुवारी १३४२ मध्ये तिने सम्राटपुत्र, बव्हेरियाच्या घराण्यातील लुडविगशी लग्न केले. पहिले लग्न चर्चने रद्द केलेले नव्हते, म्हणून पोपने दोघांना बहिष्कृत केले. ते प्रकरण १३५९ मध्ये मिटले.

लुडविग १३६१ मध्ये गेला आणि त्या दोघांचा मुलगा, एकुलता वारस तिसरा मैनहार्ट १३ जानेवारी १३६३ रोजी. त्यानंतर तेराव्या दिवशी, २६ जानेवारीला, बोत्सेन येथे मार्गारेटाने टिरोल हाब्सबुर्ग घराण्यातील चौथ्या रुडॉल्फला लिहून दिले. त्या दस्तावर टिरोलच्या सरदारांचेही शिक्के आहेत. बव्हेरियाशी लढाया झाल्या त्या या दस्तानंतर. १३६९ च्या शेर्डिंग तहात बव्हेरियाने १,१६,००० गुल्डेन (सोन्याची नाणी) घेऊन हक्क सोडला.

लेखासोबत मार्गारेटाचे म्हणून दिलेले म्हातारीचे चित्र चित्रकार क्वेन्टिन मात्सिसने सुमारे १५१३ मध्ये काढले. मार्गारेटा १३६९ मध्येच वारली होती. तिच्या काळातला इतिवृत्तकार, विंटरथूरचा योहान्स, तिला अतिशय सुंदर म्हणतो. दुरुस्ती छापताना ते चित्र तिच्या नावाने पुन्हा देऊ नये, ही विनंती.

— एक वाचक, पुणे