तुर्भ्याच्या काचकामवाल्या काकांना

काका, साष्टांग नमस्कार.

प्रबंधाच्या आभाराच्या पानावर तुमचा उल्लेख आहेच, पण तो इंग्रजीत, आणि परीक्षकांपलीकडे ते पान फारसं कुणी उघडत नाही. म्हणून हे जाहीर पत्र.

कार्बन डायऑक्साइड म्हणजे पुरता जळून झालेला कार्बन. सहजासहजी कशाशी जुळत नाही. निकेल मात्र त्याला धरू शकतो. १९७५ साली इटलीत आरेस्टा आणि सहकाऱ्यांनी अशा संयुगाची रचना दाखवली. एरवी सरळ असलेला हा रेणू निकेलला चिकटला की वाकतो, आणि मग त्याच्याशी काही करता येईल अशी आशा वाटते. माझी पीएचडीची सगळी वर्षं त्यातच गेली. आमची निकेलची संयुगं हवा लागली की बघता बघता करडी पडतात, म्हणून काम श्लेंक लाइनवर चालतं: काचेच्या दोन समांतर नळ्या, एकीत निर्वात, दुसरीत आर्गॉन हा निष्क्रिय वायू.

विकत आणलेली आमची लाइन गळत होती. त्यात संयुग तर जातंच, पण खरी भीती वेगळी. पंपाआधीचा ट्रॅप, म्हणजे सॉल्व्हंटच्या वाफा गोठवून अडवणारं काचेचं भांडं, द्रव नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंशांवर असतो. हवा आत येत राहिली तर ऑक्सिजन उणे १८३ लाच द्रव होऊन तिथे साचतो. सॉल्व्हंटबरोबर तो स्फोटकच. लाइनचं काम घेऊन गेले, तर बाकी सगळे काचकामवाले किंमत सांगत होते. तुम्ही आधी विचारलंत, "आत काय जाणार? हात कुणाचा असणार?"

काचेचा जोड झाल्यावर तुम्ही तो ताण दाखवणाऱ्या दोन पोलरॉइड काचांमध्ये धरून मला दाखवलात. जोडापाशी रंगीत पट्टे चमकत होते. "ताण आहे अजून. आज नेऊ नका, बाई." भट्टीत हळूहळू तापवून, हळूहळू निववून काढल्यावर पट्टे गेले, तेव्हाच तुम्ही तो कागदात गुंडाळलात. ती लाइन आजही निर्वात धरते. माझ्या शोधनिबंधांतला प्रत्येक स्फटिक तिच्यावरच वाढलाय.

निकेलच्या उत्प्रेरकाचं श्रेय आम्हाला मिळतं. त्याला हवेपासून राखणारा हात कुठे छापला जात नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता ऐरोलीच्या आमच्या प्रयोगशाळेत दोन मुली नव्यानं रुजू झाल्यात. त्यांना घेऊन येते. बर्नरसमोर उभं राहून जोड कसा बघायचा, ते त्यांना तुम्हीच दाखवा. नव्या ट्रॅपचं चित्रही आणतेय, आणि या वेळी विद्यार्थ्यांची सवलत नको, पूर्ण पैसे घ्या.

तुमची,
निकेलवाली बाई