'एकच प्याला' आणि अवेळी पिकलेला हशा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या शहरात हौशी मंडळींनी केलेल्या राम गणेश गडकऱ्यांच्या 'एकच प्याला' या नाटकाच्या प्रयोगाबद्दल आलेली पत्रं वाचली. बहुतेकांचा सूर एकच: दारूच्या आहारी गेलेल्या सुधाकराच्या हातून त्याचं बाळ मरतं त्या प्रवेशाला लोक हसले, म्हणजे बडोद्याच्या मराठी प्रेक्षकाला आता गडकरी झेपत नाहीत. १९१९ साली गंधर्व नाटक मंडळीने या नाटकाचा पहिला प्रयोग याच गावात केला. बालगंधर्वांची सिंधू, म्हणजे सुधाकराची बायको, आणि गणपतराव बोडसांचा सुधाकर पहिल्यांदा पाहिला तो इथल्याच लोकांनी. तेव्हा वाईट वाटणं साहजिक आहे. पण हशा अवेळी पिकतो तेव्हा त्याचं कारण बहुतेक वेळा पडद्याच्या आतल्या बाजूला सापडतं.

सुधाकर पहिला प्याला तोंडाला लावतो तो क्षण घ्या. ग्लासात कोला होतं. वरच्या पिवळ्या दिव्यात त्याचा फेस मागच्या रांगांपर्यंत दिसला आणि पहिली खसखस तिथेच पिकली. रंगमंचावरची दारू म्हणजे कोरा चहा: बिनसाखरेचा, दोनदा गाळलेला, पूर्ण गार. लिटरभर पाण्याला दोन चमचे पत्ती पुरते. जास्त टाकली तर लांबून काढा वाटतो. चहाच्या तुरटपणाने तोंड आपसूक वाकडं होतं, तेवढा अभिनय फुकटात मिळतो. ग्लासात ओतायचा तो तीस-चाळीस मिली, एका घोटात संपेल इतकाच. काठोकाठ भरला की नट तीन घोट घेतो, श्वास तुटतो आणि पुढचं भारदस्त वाक्य ढेकरेसोबत बाहेर पडतं. मग लोकांनी काय करावं?

बाळाचंही तेच. दुपट्यात गुंडाळलेली पोकळ प्लास्टिकची बाहुली सिंधूने एका हाताने उचलली, तिची मान मागे लटकली आणि डोळे टक्कन मिटले. दुपट्यात अडीच-तीन किलो तांदळाची पुरचुंडी हवी, मानेच्या जागी घट्ट गुंडाळलेला टॉवेल हवा, आणि चेहरा प्रेक्षकांना दिसताच कामा नये. वजन असलं की बाईचा खांदा झुकतो, दुसरा हात आपोआप खाली जातो. लोक बाहुलीकडे बघत नाहीत, तो झुकलेला खांदा बघतात. सुधाकराच्या काठीचा आवाज विंगेतून काढला होता, तो घाव पडल्यावर उशिरा आला. ही अर्ध्या सेकंदाची चूक सगळ्यात महाग पडते. आवाज काढणाऱ्याला विंगेतून सुधाकराचा खांदा दिसत असेल तर काठी खाली यायला लागताच तो फळी आपटू शकतो. दिसत नसेल तर आवाज नसलेलाच बरा.

सिंधूच्या दळणाच्या प्रवेशाची गंमत वेगळी. थर्माकोलचं जातं खुंट्यासकट सरकत विंगेपर्यंत गेलं. हलकं जातं वापरायचंच असेल तर ते खालून पाटाला स्क्रूने आवळायचं आणि पाटाखाली रबराचा तुकडा चिकटवायचा. खरं दगडी जातं आणलं तर घासाला मूठभर ज्वारी घाला. जात्याचे रिकामे दगड एकमेकांवर घासले की तो किरकिराट माइकमधून सगळ्या सभागृहात घुमतो आणि पद बुडतं.

आता मुख्य मुद्दा. वेळ वाचवायला संपादित संहितेत सुधाकराला दारूची वाट दाखवणाऱ्या विनोदी तळीरामाचे दोन प्रवेश कापले होते. पाच अंकी नाटक सव्वातीन तासांत बसवायचं आणि आठ-दहा पदं ठेवायची तर कात्री लावावीच लागते. साडेतीन-चार मिनिटांचं एक पद धरलं तरी अर्धा-पाऊण तास तिथेच जातो. पण गडकऱ्यांनी तळीराम, दारुड्यांचं आर्य मदिरामंडळ, त्यातले शास्त्री आणि खुदाबक्ष हे सगळं करमणुकीला घातलेलं नाही. प्रेक्षकाच्या मनावरचा ताण तिथे वाहून जातो, म्हणून पुढचं सोसवतं. ती वाट बुजवली की तुंबलेलं हसू मिळेल त्या फटीतून बाहेर येतं, आणि शेवटच्या अंकात फटी भरपूर असतात. कापायचंच तर लांबलचक उपदेशाची भाषणं कापा, उपमांच्या माळेतल्या तीनपैकी दोन ठेवा, पदांचे अंतरे कमी करा. तळीरामाला हात लावू नका.

गुजरातेत याला आणखी एक पदर आहे. राज्य स्थापन झालं तेव्हापासून, म्हणजे १९६० पासून, इथे दारूबंदी. बाटली दिसली की सभागृहात आधीच चुळबूळ सुरू होते. मदिरामंडळाच्या प्रवेशात नटांनी दारू मिळणारं शेजारचं दमण आणि दारूचं परमिट यांवर पदरची वाक्यं घातली. टाळ्या मिळाल्या, प्रवेश पाच मिनिटांनी लांबला आणि प्रेक्षक फार्स बघायच्या तयारीत बसला. त्यानंतर लगेच सिंधू आली तर तिच्या पहिल्या ओळीलाही लोक हसणारच. अशा ठिकाणी अर्धा मिनिट रंगमंच रिकामा ठेवावा, दिवे निम्म्यावर आणावेत आणि ऑर्गनवर नुसता षड्ज धरावा. कान शांत झाले की माणूस शांत होतो.

भाषेबद्दल बोलायचं तर दांडिया बाजार, रावपुऱ्यातली तिसरी-चौथी पिढी मराठी बोलते, पण मधे गुजराती शब्द पेरत. गडकऱ्यांची अनुप्रासाने लदबदलेली वाक्यं तिला एका दमात कळत नाहीत. शेजारच्या मावशी कानात अर्थ सांगतात, म्हणून हशा क्षणभर उशिरा येतो. त्या दिवशी नट थांबत नव्हते, पुढचं वाक्य हशात वाहून जात होतं. हशा चढू द्यावा, निम्म्यावर उतरला की बोलावं. पूर्ण विरल्यावर बोललं तर लय पडते. लांब वाक्य आठ-दहा शब्दांवर तोडावं आणि क्रियापद गिळू नये. शिवाय प्रॉम्प्टर माइकपासून दूर बसवावा. परवा दोन ओळी आधी त्याच्याकडून ऐकू आल्या, मग सुधाकराकडून.

सिंधूच्या वेळी काही तरुण मुलींनी 'सोड ना त्याला' असं मोठ्याने म्हटलं, त्यावर एका पत्रलेखकाने संस्कारांचा मुद्दा काढला आहे. आम्हाला ती दाद वाटते. नाटक मुलींच्या जिव्हारी लागलं होतं. चूक झाली ती सिंधू सतत रडवी ठेवण्यात. 'कशि या त्यजू पदाला' हे पद हुंदक्याशिवाय, सरळ नजरेने म्हटलं तर सिंधू विचार करून नवऱ्याजवळ थांबते आहे असं दिसतं. मग तिच्याशी मनातल्या मनात भांडता येतं. नुसत्या रडणाऱ्या बाईशी कोण भांडणार? तिच्या लुगड्याची ठिगळंही कोऱ्या रंगीत कापडाची होती, लांबून नक्षी वाटत होती. त्याच लुगड्याचा आतला तुकडा चहाच्या पाण्यात बुडवून, वाळवून लावला तर ते ठिगळ वाटतं.

एक गोष्ट मात्र कोणीच लिहिली नाही. विषाचा प्याला घेऊन सुधाकर कोसळल्यावर सभागृहात टाळी पडली नाही. संयोजकांना वाटलं प्रयोग पडला. घाईघाईने दिवे लागले, माइकवर आभारप्रदर्शन सुरू झालं आणि मेलेला सुधाकर हार घ्यायला उठला. त्या शांततेत दहापर्यंत अंक मोजून मग पडदा पाडायचा, त्यानंतर आणखी तितकेच मोजून दिवे लावायचे. देणगीदारांची नावं, हारतुरे, नारळ हे सगळं मध्यंतरात उरकावं. चहाच्या रांगेत तशीही पंधरा मिनिटं जातातच.

आपले,
पडद्यामागे काम करणारे काही हौशी रंगकर्मी,
बडोदा