सर्फिंगचे खरे कसब लाटांपलीकडे पोहोचण्यात

महोदय,

आपल्या क्रीडा पुरवणीत सर्फिंगवर आलेला लेख उत्सुकतेने वाचला. मराठीत या खेळाविषयी इतके सविस्तर क्वचितच लिहिले जाते, त्याबद्दल प्रथम आभार. मात्र लेखाचा बहुतेक भाग बोर्डवर उभे कसे राहावे आणि तोल कसा सांभाळावा यावरच खर्च झाला आहे आणि ज्याला चांगले पोहता येते त्याला बाकीचे सरावाने जमते, असा त्याचा एकूण सूर आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या ओशन बीचवर मी बरीच वर्षे सर्फिंग करीत आलो आहे आणि तेथील अनुभवावरून हा सूर मला घातक वाटतो. थंड पाण्याच्या, वाळूच्या तळाच्या किनाऱ्यावर लाटेवर उभे राहणे हा अगदी शेवटचा आणि सर्वांत छोटा भाग असतो. कस लागतो तो लाटा फुटतात त्या पट्ट्याच्या पलीकडे पोहोचताना.

ओशन बीच हा सुमारे साडेपाच किलोमीटर लांबीचा, पश्चिमाभिमुख आणि पॅसिफिकला थेट उघडा पडलेला किनारा आहे. तळ खडकाचा किंवा प्रवाळाचा असेल तर लाट दर वेळी जवळपास त्याच जागी फुटते आणि शेजारच्या खोल पाण्यातून आत जाण्याची वाट बहुधा ठरलेली असते. येथे मात्र तळाला निव्वळ वाळू आहे. पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या जवळपास आली की लाट फुटते, म्हणजे वाळूचा दांडा (पाण्याखालचा लांबट उंचवटा) जेथे असेल तेथे ती फुटणार, आणि हे दांडे वादळांनी व प्रवाहांनी सतत सरकत असतात. गेल्या आठवड्यात जेथे एका टोकाकडून क्रमाने फुटत जाणारी सुरेख लाट मिळाली, तेथेच या आठवड्यात ती सबंध लांबीभर एकदम कोसळताना दिसते. त्यातच उत्तरेला गोल्डन गेटची सामुद्रधुनी आहे. भरती-ओहोटीला सॅन फ्रान्सिस्को उपसागराचे प्रचंड पाणी तिच्यातून ये-जा करते आणि त्याची ओढ किनाऱ्यालगतही जाणवते.

म्हणून जाणती माणसे आधी वाळूच्या टेकाडावर उभी राहून बराच वेळ नुसते पाणी पाहतात. मोठ्या लाटा गटागटाने येतात. दहा मिनिटे समुद्र शांत दिसला म्हणून उतरलेला नवखा माणूस नेमका मधल्या पट्ट्यात असताना पुढचा गट येतो. लाटांच्या अंदाजात नुसती लाटेची उंची पाहून भागत नाही. उंची दोन मीटरच असली, तरी दोन लाटांमध्ये आठ सेकंद आहेत की सोळा, यावर फार काही अवलंबून असते, कारण त्याच उंचीची सोळा सेकंदांची लाट किनाऱ्याकडे सुमारे दुप्पट शक्ती घेऊन येते. हिवाळ्यात उत्तर पॅसिफिकमधील वादळांमुळे येथे अशाच दीर्घ लाटा येतात. त्यांतून आत जाताना दोन्ही हातांनी बोर्डचे नाक खाली दाबायचे, गुडघ्याने मागचा भाग ढकलायचा आणि फेसाच्या खालून निसटायचे. वर येऊन डोळ्यांतले पाणी झटकेपर्यंत पुढची लाट समोर उभी असते. हे पुनःपुन्हा करावे लागते आणि इतके करूनही पुष्कळदा माणूस होता तेथेच असतो. दरम्यान प्रवाह त्याला बाजूला वाहून नेत असतो. नोरिएगा रस्त्यासमोर उतरलेला माणूस बऱ्याच अंतरावरच्या भलत्याच रस्त्यासमोर बाहेर पडतो, ही येथे नित्याची गोष्ट आहे. म्हणूनच किनाऱ्यावरची एखादी ठळक खूण नजरेत धरून ठेवण्याची सवय लावून घ्यावी लागते.

या सगळ्यात भर थंडीची. येथील पाणी वर्षभर साधारण दहा ते पंधरा अंश सेल्सिअस असते आणि कॅलिफोर्नियाबाहेरच्या माणसाला आश्चर्य वाटेल, पण ते सर्वांत थंड बहुधा वसंत ऋतूत असते, कारण त्या काळातल्या वायव्येच्या वाऱ्यांमुळे पृष्ठभागावरचे पाणी दूर सरते आणि खोलातले गार पाणी वर येते. अशा पाण्यात अचानक पडल्यावर पहिली मिनिट-दोन मिनिटे श्वास आपल्या ताब्यात राहत नाही. त्यानंतर हळूहळू हातांतली ताकद जाते, आणि पट्टीचा पोहणाराही येथेच फसतो, कारण त्याला पोहण्याचे ज्ञान असते पण ज्यांनी पोहायचे ते हातच चालेनासे होतात. वेटसूटमुळे, म्हणजे अंगाला घट्ट बसणाऱ्या रबरी पोशाखामुळे, हे लांबते, टळत नाही. बाहेर आल्यावर बोटांना गाडीची किल्ली धरता येत नाही, हे येथील प्रत्येकाने अनुभवलेले असते. बर्कले विद्यापीठाचे भौतिकशास्त्रज्ञ ह्यू ब्रॅडनर यांनी १९५० च्या दशकाच्या आरंभी निओप्रीन या कृत्रिम रबराचा वेटसूट सुचवला आणि पुढे तो सर्फरांमध्ये रुजवणारे जॅक ओ'नील यांनी १९५२ मध्ये याच किनाऱ्याजवळ सर्फिंगचे दुकान काढले, हा योगायोग मला वाटत नाही. या पाण्यानेच ती गरज निर्माण केली.

आणखी एक गोष्ट मला कळकळीने सांगायची आहे. मुलांकडे आलेले कित्येक मराठी आई-वडील या किनाऱ्यावर फिरायला येतात आणि पाण्यात सर्फर दिसले की गुडघाभर पाण्यात जायला हरकत नाही असे समजतात. किनाऱ्यापासून समुद्राकडे वेगाने धावणारा जो प्रवाह, म्हणजे रिप करंट, सर्फरला बाहेर जाण्यासाठी उपयोगी पडतो, तोच उभ्या माणसाचे पाय वाळूवरून उचलतो. सर्फरकडे तरंगता बोर्ड, त्याला पायाशी जोडणारी दोरी, म्हणजे लीश, आणि अंगावर निओप्रीन असते. फिरायला आलेल्याकडे यातले काहीच नसते. तरीही कोणी ओढला गेलाच, तर प्रवाहाविरुद्ध किनाऱ्याकडे पोहण्यात शक्ती घालवू नये. किनाऱ्याला समांतर जात प्रवाहाच्या बाहेर पडावे आणि हात वर करून मदत मागावी. किनाऱ्यावरच्यांनी मागोमाग उडी न घेता तत्काळ ९११ वर फोन करावा.

माझी विनंती एवढीच आहे की, यापुढे असे लेख छापताना समुद्राचे पाणी पाहून त्याचा अंदाज घेण्याविषयी, प्रवाहांविषयी आणि थंडीविषयी निदान एक स्वतंत्र परिच्छेद असावा. सर्फिंगच्या छायाचित्राखाली ठिकाणाच्या नावाबरोबर त्या दिवशीचे पाण्याचे तापमान, लाटांची उंची आणि दोन लाटांमधले सेकंदही द्यावेत. ही माहिती सहज मिळते आणि तिला फार तर एक ओळ लागेल.

आपला,
एक नियमित वाचक,
सॅन फ्रान्सिस्को