बाबा, तो काटा कुणाला देऊ नका

आई, बाबा,

व्हॉट्सअॅपवर एवढं लांबलचक लिहितेय म्हणजे काहीतरी झालंय असं समजून घाबरू नका, काहीही झालेलं नाहीये. फोनवर बाबांना निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं आई तू तुझ्या मनाने जोडून सांगतेस, म्हणून लिहितेय. हे त्यांना मोठ्याने वाचून दाखव, मधलं गाळू नकोस. आणि बीपीची गोळी चहाआधी की चहानंतर यावरून तुमचं दोघांचं जे रोज चाललंय ते डॉक्टरांना विचारून एकदाचं मिटवा.

रविवारी तू बोलता बोलता म्हणालीस की दुकानातला काचेच्या पेटीतला सोनं तोलायचा काटा कुणीतरी अँटिक म्हणून मागतोय आणि बाबा द्यायला तयार झालेत. प्लीज देऊ नका. मला हवाय. कशाला ते सांगते, पण जरा लांबून यावं लागेल.

बाबा, मागच्या चवथीला माटोळीखाली बसून तुम्ही पाहुण्यांना सांगत होता, अकरा वर्षं हायर सेकंडरीत गणित शिकवलं हिने, आता छत्तिसाव्या वर्षी परत कॉलेजात गेलीय, कॉम्प्युटरचं काहीतरी. राग नाही आला मला. म्हणजे थोडा आला. पण चूक माझीच, मी कधी नीट सांगितलंच नाही, तुम्ही पॅकेजचं विचारलंत की मी विषय बदलते. (पॅकेज वगैरे काही नाहीये, पीएचडीचे पैसे महिन्याला पुरतात, एवढंच.)

इथलं म्हणाल तर ताळगावच्या पठारावर पाऊस वरून कमी आणि बाजूने जास्त येतो, दोन छत्र्या उलट्या होऊन झाल्या. लायब्ररीच्या वाटेवर मोर दिसतात, पहिला आठवडा मी फोटो काढले, आता कोंबड्यासारखं बघून पुढे जाते. कँटीनला भाजीपाव. बरोबरच्या पोरी माझ्यापेक्षा बारा-तेरा वर्षांनी लहान, आधी मॅडम म्हणायच्या, आता ताई म्हणतात, आणि कोडमध्ये एरर आली की मलाच शिकवतात. आई, ही गोवा युनिव्हर्सिटी सुरू झाली 1985 ला. त्याआधी पणजीत मुंबई युनिव्हर्सिटीचं सेंटर होतं, तुझं एमए राहिलं ना, तेच. लायब्ररीत इतिहासकार पिसुर्लेकरांच्या पुस्तकांचा संग्रह आहे, एकदा तुला घेऊन येणार आहे, गुडघे दुखतात हे कारण चालणार नाही, लिफ्ट शोधू.

तर मी काय करते. जेट्टीवर किती मासळी उतरली त्याच्या आकड्यांवर माझं काम आहे. एकाच माशाला एका वहीत बांगडा, दुसऱ्या वहीत बांगडो, तिसरीत मॅकरेल, कॉम्प्युटरला वाटतं तीन वेगळे मासे, ते एक करण्यात माझे दोन महिने गेले. लोकांना वाटतं डेटा सायन्स म्हणजे मशीनच सगळं ओळखतं. ओळखतं हो, पण आधी कुणीतरी बसून निवडायला लागतं, आई तांदूळ निवडते तसं.

सोबत पहिल्या वर्षाच्या पोरांची लॅबही मी घेते. त्यांना यातलेच थोडे आकडे दिले होते. एक मुलगा, घर शापोऱ्याकडे, त्याने सुंदर ग्राफ काढला आणि खाली लिहिलं की जून-जुलैत समुद्रात मासळी नसते. म्हटलं, तुमच्या घरात जूनमध्ये काय होतं रे? म्हणाला, होडी वर काढून ठेवतात, बंदी असते ना. 1 जून ते 31 जुलै, 61 दिवस, लहानपणापासून बघतोय तो. सगळं माहीत होतं त्याला, पण घरातलं माहीत असलेलं कॉम्प्युटरसमोर बसल्यावर वापरायचं असतं हे त्याला कुणी सांगितलेलंच नव्हतं. बाबा, तुम्हाला हे लगेच कळेल. उधारीच्या वहीत शून्य लिहिलंय आणि जागा कोरी सोडलीय, यात फरक असतो. त्या दोन महिन्यांत मासळी नव्हती असं नाही, मोठ्या बोटी बाहेर गेल्याच नव्हत्या.

मग मी त्यांना म्हटलं, आता असलं काहीतरी करू जे हातात धरता येईल. प्रत्येकाने एक रुपयाची दहा नाणी आणा. एकाकडेही दहा निघाली नाहीत, सगळं यूपीआय! शेवटी कँटीनवाल्यांनी गल्ल्यातला डबा दिला. किचनच्या काट्यावर वजन केलं, सरासरी काढली, चार ग्रॅम आणि वर काहीतरी आली, सगळे खूश. मागे बसणारी एक मुलगी म्हणाली, पण चार पॉइंट एवढं वजनाचं एकही नाणं इथे नाहीये. बरोबर होतं तिचं. 1992 नंतरची मोठी नाणी 4.85 ग्रॅमची, 2011 पासूनची 3.79, आणि 2019 ची तर 3.09. तीन जातींची नाणी एकत्र करून सरासरी काढली तर ती कुणाचीच नसते. डोळ्यांना लहान-मोठी दिसत होती, पण बघितलंच नाही कुणी, आकड्यांतच सगळे घुसलेले.

एक गोष्ट मात्र दाखवता आली नाही, झीज. किचनचा काटा ग्रॅमखालचं काही बोलतच नाही.

आणि मला झीजच दाखवायची होती, कोसंबींमुळे. दामोदर धर्मानंद कोसंबी, कोसब्यात 1907 ला जन्म, आपल्या गोव्याचे. गणिती माणूस, 1943 मध्ये त्यांनी एक पद्धत मांडली, तिच्या अगदी जवळचं काहीतरी आज आम्ही वर्गात पीसीए (ढीगभर आकड्यांतून मुख्य तेवढं वेगळं काढायची रीत) म्हणून शिकतो, पण पुस्तकात नावं बहुतेक नंतरच्या दोन परदेशी लोकांचीच असतात. ते असो. त्यांनी तक्षशिलेला सापडलेली चांदीची जुनी नाणी घेतली, मूळ मापाने 32 गुंजांची, आणि एकेक करून तोलली. नाणं जितकं हातोहाती फिरतं तितकं हलकं होतं, आणि सगळी सारखी झिजत नाहीत म्हणून वजनांमधला फरकही वाढत जातो, त्यावरून कुठलं आधीचं कुठलं नंतरचं ते त्यांनी लावलं. आधी चालू काळातल्या नाण्यांवर हे खरं होतं का ते बघितलं, मग जुन्याकडे गेले. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसायलाच आलं, कारण मोडीला आलेली पाटली दोन गुंजा कमी भरली की गिऱ्हाईक तुमच्याकडे संशयाने बघायचं आणि तुम्ही म्हणायचात, वहिनी, सोनं मनगटावर झिजतं, उजव्या हातातली जास्त. मी शाळेचा अभ्यास करत तिथेच बसलेली असायचे.

केमिस्ट्रीवाल्यांकडे डिजिटल काटा आहे, मागितला तर देतील. पण तो आकडा स्वतःच सांगून मोकळा होतो, पोरं तो लिहून घेणार आणि देवाचं म्हणणं असल्यासारखं मानणार. मला त्यांनी चिमट्याने वजनं ठेवायला हवीत, एकच नाणं दहा वेळा तोलून दहा वेळा थोडं थोडं वेगळं येताना बघायला हवं.

आता शेवटचं, आई हे हळू वाच. बाबा, काटा तुम्ही का विकताय ते मला कळलंय. आईने नाही सांगितलं. मागच्या खेपेला तुम्ही अंगठी तोलताना बोटं टेकवून बसला होता, मी पाहिलं. या पोरांचे हातही कापतात हो, अठरा वर्षांचे असून, कारण त्यांनी असलं काही कधी धरलेलंच नाही. तुम्ही एक दिवस यायचं, फक्त खुर्चीवर बसून काय चुकतंय ते सांगायचं. तोलणार ती पोरंच.

शनिवारी दुपारच्या बसने डिचोलीला येतेय. वजनांची लाकडी डबी शोधून ठेवा, ते नखाएवढं पत्र्याचं वजन हरवलंय का तेही बघा. काटा परत नेताना मांडीवर धरून नेईन. बंदी उठलीय, बांगडे चांगले मिळाले तर आई घेऊन ठेव.

आणि बाबा, लॅबमध्ये चार फॅन आहेत, बटणं दाराजवळ. तुम्ही तोलायला बसलात की लहानपणी मीच उठून बंद करायचे ना, इथेही मीच करीन.

तुमची,
बायो