चित्रातले मूल कोणाचे, हा प्रश्न पुरे झाला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सध्या सुरू असलेल्या एका समूह प्रदर्शनाचा वृत्तांत आपल्या कला पुरवणीत प्रसिद्ध झाला. नव्याजुन्या चित्रकारांच्या कामाची त्यात आपुलकीने दखल घेतली गेली आणि माझ्या चित्राला छायाचित्रासह जागा मिळाली, याबद्दल मी आभारी आहे. मात्र ‘या चित्रात चित्रकर्तीने आपल्या बालपणाची जखम उघडी केली आहे’ असे जे विधान वृत्तांतात आहे, तसे मी कोणाशीही बोललेले नाही. हा केवळ गैरसमज असता तर दोन ओळींच्या खुलाशावर भागले असते. परंतु प्रदर्शनात येणारे बहुतेक प्रेक्षकही मला ‘हे तुमचेच बालपण का?’ हाच प्रश्न पहिल्यांदा विचारतात, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

ज्यांनी चित्र पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडे वर्णन करते. चार-पाच वर्षांच्या एका मुलाच्या अंगातला सदरा डोक्यावरून काढला जात आहे. दोन्ही हात बाह्यांत अडकून वर गेले आहेत, चेहरा कापडाखाली पूर्ण झाकला गेला आहे, पोट उघडे पडले आहे आणि त्यावर चड्डीच्या इलॅस्टिकचा लालसर वळ दिसतो. चित्राच्या वरच्या कडेतून मोठ्या माणसाचे दोन हात खाली आले आहेत. ते हात मायेचे आहेत की वैतागलेले, हे ठरवता येऊ नये अशी माझी इच्छा होती, आणि बोटांची पकड जराही एका बाजूला झुकली की तो भाग सुरीने खरवडून मी पुन्हा रंगवत असे. सदरा निघेपर्यंत मुलाला काही दिसत नाही, हात हलवता येत नाहीत, श्वासही कापडातूनच घ्यावा लागतो. यात आक्रीत असे काहीच नाही. ज्या घरात लहान मूल आहे तिथे हे रोज घडते, आणि मुलाचा दिवस अशाच दुसऱ्याच्या हाती सोपवलेल्या क्षणांनी भरलेला असतो. मला रंगवायची होती ती ही रोजची अगतिकता. तिच्यासाठी एखादी दुर्घटना घडून गेलेली असावी लागत नाही.

आपल्या छायाचित्रात नेमके ते वरचे हात कापले गेले आहेत. जागेची अडचण मी समजू शकते. पण हात गेल्यावर उरते ते सदऱ्याशी एकट्याने झटापट करणारे गमतीदार पोर, आणि त्याच्याच शेजारी मजकुरात मात्र जखमेची भाषा! वाचकाने दोहोंपैकी कशावर विश्वास ठेवावा?

चित्रकाराच्या आयुष्याची माहिती चित्र समजायला उपयोगी पडत नाही, असे मी म्हणणार नाही. नॉर्वेचे चित्रकार एडवर्ड मुंक यांची बहीण सोफी १८७७ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी क्षयाने गेली. ‘आजारी मूल’ हे त्यांचे चित्र १८८६ मध्ये ख्रिस्तियानियात, म्हणजे आजच्या ऑस्लोत, इतरांच्या चित्रांसोबत प्रदर्शित झाले, तेव्हा त्यावर टीकेची झोड उठली. आक्षेप होता तो चित्र अपुरे, ओबडधोबड असल्याचा. रंगाचे थर चढवून ते ओरखडून काढल्याच्या खुणा त्यात उघड दिसत होत्या, आणि त्या काळच्या नजरेला त्या सहन झाल्या नाहीत. आज नेमके उलटे झाले आहे. बहिणीची हकीकत सर्वांना ठाऊक असते, तिच्यावर हळहळही व्यक्त होते, पण उशीला टेकलेल्या त्या फिकट चेहऱ्याभोवतीचे ओरखडे किती जण थांबून पाहतात? मुंक पुढे सुमारे चाळीस वर्षे हाच विषय पुन्हा पुन्हा रंगवत राहिले. केवळ हकीकत सांगायची असती, तर ती एकदाच सांगून संपली असती.

स्पॅनिश चित्रकार गोया यांनी १७८७-८८ च्या सुमारास रंगवलेले मान्वेल ओसोरिओ या सरदारपुत्राचे व्यक्तिचित्र मला या संदर्भात अधिक जवळचे वाटते. लाल पोशाखातल्या त्या मुलाच्या हातात दोरी आहे, दोरीला एक मॅगपाय पक्षी बांधलेला आहे, आणि मागच्या अंधारातून मांजरे डोळे विस्फारून त्या पक्ष्याकडे पाहत आहेत. कोणालाही अजून ओरखडासुद्धा उठलेला नाही. तो मुलगा १७९२ मध्ये आठव्या वर्षी वारला, हे कळल्यावर लोक त्या मांजरांत त्याचा मृत्यू पाहू लागतात; पण चित्र काढले तेव्हा मुलगा जिवंत होता आणि मांजरे तेव्हाही तिथेच होती. पक्षी मुलाच्या हाती आहे आणि मूल मोठ्यांच्या. भीती वाटायला एवढे पुरेसे आहे.

जर्मन चित्रकर्ती केटे कोलविट्झ यांचे उदाहरण वेगळे आहे, हे मान्य केले पाहिजे. त्यांचा धाकटा मुलगा पहिल्या महायुद्धात, १९१४ मध्ये मारला गेला, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, वयाच्या सत्तरीनंतर, त्यांनी आपल्या हातांखाली मुलांना घट्ट दडवून धरणाऱ्या आईचे शिळाछाप (दगडावर रेखाटून कागदावर छापलेले) चित्र केले. आईच्या आडोशातून ती मुले मिस्कीलपणे बाहेर डोकावतात. त्यांना संरक्षण नको आहे, त्यांना बाहेर पडायचे आहे. तिथे आयुष्य आणि चित्र यांची गाठ चित्रकर्तीने स्वतः, उघडपणे घातलेली आहे. तशी गाठ घालायची की नाही, हे ठरवणे मात्र तिच्याकडेच राहिले पाहिजे. वार्ताहराने किंवा प्रेक्षकाने ती परस्पर घालू नये.

‘मग हे मूल आहे तरी कोणाचे?’ या पुढच्या प्रश्नालाही मी उत्तर देत नाही, आणि काही जणांना तो उद्धटपणा वाटतो. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क कराराच्या सोळाव्या कलमात मुलाच्या खासगीपणाला संरक्षण दिलेले आहे. कायद्याचा काटेकोर अर्थ बाजूला ठेवला तरी, एखादे खरे मूल माझ्यासमोर असलेच, तर त्याचे नाव प्रदर्शनात सांगण्याची परवानगी ते मूल आज समजून-उमजून देऊ शकणार नाही. चेहरा झाकलेला ठेवण्यामागे हेही एक कारण होते.

समूह प्रदर्शनाच्या आयोजकांसाठीही एक मुद्दा मांडते. भिंतीवरची चित्रे बहुधा एका ओळीत, मध्यबिंदू जमिनीपासून साधारण दीड मीटरवर येईल अशी टांगतात. ही उभ्या असलेल्या प्रौढ माणसाच्या नजरेची पातळी आहे. त्या उंचीवर माझ्या चित्रातले मूल पाहणाऱ्याच्या बरोबरीचे होते आणि वरून येणारे हात परक्या कोणाचे तरी वाटतात. चित्र खाली टांगले की प्रेक्षक मुलाकडे वरून पाहतो, आणि ते हात त्याच्या स्वतःच्या खांद्यांपासून निघाल्यासारखे दिसतात. चित्राचा सगळा भार या एका गोष्टीवर आहे, म्हणून मी ते खाली घेण्याची विनंती केली. एका चित्रासाठी ओळ मोडल्यास शेजारची चित्रे विस्कळीत दिसतील, असे मला सांगण्यात आले. शेजारच्या चित्रकारांचा विचार करता ते चुकीचे नव्हते. अखेर कोपऱ्यातली स्वतंत्र भिंत मिळाली आणि प्रश्न सुटला, तरी चित्रे मागवतानाच्या अर्जात टांगणीच्या उंचीविषयी एक रकाना असता तर ऐन मांडणीच्या दिवशी ही घासाघीस झाली नसती.

आपल्या वार्ताहरांविषयी माझ्या मनात कटुता नाही. त्यांनी निदान चित्रासमोर थांबून पाहिले. वृत्तांतातले ते विधान मागे घेऊन छोटासा खुलासा छापावा, आणि चित्राचे छायाचित्र पुन्हा वापरण्याची वेळ आल्यास ते आकाराने कितीही लहान असले तरी चालेल, पण वरच्या हातांसह, पूर्ण छापावे, एवढी विनंती आहे.

कळावे,
आपली विश्वासू,
प्रदर्शनात सहभागी असलेली एक चित्रकर्ती