पावसाळ्यात विमानांची उंची फसवी दिसते

महोदय,

मुंबई विमानतळाभोवतीच्या वस्त्यांवर विमानांचा किती आवाज पडतो, याचे गणित कागदावर आखलेल्या मार्गांवरून न मांडता विमाने स्वतः प्रसारित करत असलेल्या माहितीवरून मांडले जावे, असे संख्याशास्त्र शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या माझे ठाम मत आहे. बहुतेक प्रवासी विमाने १०९० मेगाहर्ट्‌झवर सेकंदाला साधारण दोनदा आपले स्थान कळवतात. परंतु त्या संदेशातील उंची जशीच्या तशी गणितात घेतली, तर मुंबईत मोठी चूक होते.

ही उंची हवेच्या दाबावरून काढलेली असते आणि समुद्रसपाटीचा दाब १०१३.२५ हेक्टोपास्कल आहे, असे त्यात गृहीत धरलेले असते. जानेवारीत मुंबईतील दाब याच्या आसपासच असतो. जुलैत मात्र तो १००३-१००४ पर्यंत उतरतो आणि दर एका हेक्टोपास्कलमागे सुमारे २८ फुटांचा फरक पडतो. घाटकोपरला माझ्या गच्चीवर एक छोटा रिसिव्हर आहे. पश्चिमेकडे उतरणारी विमाने तेथून, म्हणजे धावपट्टीच्या टोकापासून जेमतेम तीन किलोमीटरवर, हिवाळ्यात ६०० फुटांच्या आसपास दिसतात, तर ऐन पावसाळ्यात तोच आकडा ८७५ होतो. विमान अर्थातच वर गेलेले नसते, कारण उतरण्याचा तीन अंशांचा उतार बाराही महिने तोच असतो. या खोट्या ८०-८५ मीटरांमुळे विमान थेट डोक्यावर असतानाचा आवाज केवळ अंतराच्या हिशेबाने सुमारे साडेतीन डेसिबलने कमी दाखवला जातो, आणि तीन डेसिबल म्हणजे ध्वनिऊर्जेत दुपटीचा फरक!

दुसरी अडचण गाळलेल्या नोंदींची आहे. इमारती आणि टेकड्या आड आल्या की कमी उंचीवरील विमानांचे संदेश रिसिव्हरपर्यंत पोहोचत नाहीत. म्हणजे जेथे आवाज सर्वाधिक, नेमक्या तेथल्याच नोंदी गळतात. उरलेल्या नोंदींची सरासरी काढणे हा त्यावरचा उपाय नव्हे. मार्गाचा तुटलेला भाग उतरण्याच्या ज्ञात उतारावरून भरून काढावा आणि त्यातील अनिश्चितताही नकाशावर दाखवावी.

केंद्राने २०१८ मध्ये गजबजलेल्या विमानतळांच्या परिसरासाठी दिवसा ७० आणि रात्री ६५ डेसिबल अशी मर्यादा घालून दिली. तीन-साडेतीन डेसिबलच्या चुकीने एखादी वस्ती या रेषेच्या आत किंवा बाहेर जाऊ शकते.

विमानतळावरील दाबाची नोंद दर अर्ध्या तासाला प्रसिद्ध होत असल्याने उंचीची दुरुस्ती करणे मुळीच अवघड नाही. आवाजाचे नकाशे तयार करणाऱ्या यंत्रणांनी ती केली आहे की नाही, हे प्रत्येक नकाशावर स्पष्ट लिहावे. तसेच पावसाळ्याचे आणि हिवाळ्याचे आकडे एकत्र न करता वेगवेगळे द्यावेत, अशी माझी विनंती आहे.

आपला,
एक निवृत्त प्राध्यापक, घाटकोपर (पश्चिम)