फौजदारकीची मुलाखत आणि पाठ केलेली उत्तरे

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

पोलीस उपनिरीक्षकपदाच्या मुलाखतीला महाराष्ट्र लोकसेवा आयोगाने 40 गुण ठेवले आहेत. मैदानी चाचणीचे गुण आता अर्हतेपुरतेच धरले जात असल्याने अंतिम यादी ठरवताना मुख्य परीक्षेच्या जोडीला हेच गुण उरतात, आणि त्यांच्यासाठी मुलांनी क्लासची वाट धरावी हे समजण्यासारखे आहे. निवृत्त पोलीस अधिकारी या नात्याने मी अशा क्लासमधील अभिरूप (सरावाच्या) मुलाखतींना परीक्षक म्हणून बसतो. तेथे मुले सदऱ्याचा रंग, खुर्चीत बसण्याची पद्धत आणि पाठ केलेली वाक्ये यांची जेवढी तयारी करून येतात, तेवढी पोलीस ठाण्याच्या कामाची करून येत नाहीत, असे मला खेदाने नमूद करावेसे वाटते.

‘पोलीस दलातच का?’ या प्रश्नावर हुतात्मा तुकाराम ओंबळे यांचे नाव हमखास येते. त्यात गैर काहीच नाही. परंतु 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री गिरगाव चौपाटीवर कसाबला पकडताना ओंबळे कोणत्या पदावर होते, असे विचारल्यावर ‘सहायक पोलीस उपनिरीक्षक’ एवढेही उत्तर अनेकांकडून येत नाही.

याहून गंभीर बाब कायद्याची आहे. रात्री एक महिला ठाण्यात फिर्याद द्यायला आली आणि घटना शेजारच्या जिल्ह्याच्या हद्दीत घडलेली असली, तर काय कराल, असे मी विचारतो. ‘वरिष्ठांचे मार्गदर्शन घेईन’ हे त्यावरचे ठरलेले उत्तर. वास्तविक दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाल्यास तो नोंदवणे बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ललिता कुमारी प्रकरणात 2013 मध्येच सांगितले आहे. आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 नुसार हद्द कोणाचीही असली तरी फिर्याद घ्यावीच लागते, मग ती शून्य क्रमांकाने नोंदवून संबंधित ठाण्याकडे पाठवायची. त्याच कलमात, तीन वर्षे किंवा अधिक पण सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत उपअधीक्षकांच्या परवानगीने 14 दिवसांत प्राथमिक चौकशी करण्याची मुभा आहे. हा अपवाद ज्याला नेमका सांगता येतो, त्याने मूळ कलम वाचले आहे हे परीक्षकाला लगेच कळते.

कित्येकांच्या टिपणांत अजून 302 आणि 420 हीच कलमे आहेत. 1 जुलै 2024 पासून खुनाच्या शिक्षेसाठी भारतीय न्याय संहितेचे कलम 103 आणि फसवणुकीसाठी कलम 318 लागू आहे. मात्र त्या तारखेपूर्वी घडलेल्या गुन्ह्यांना जुनी दंडसंहिताच लागू राहते, त्यामुळे होतकरू फौजदाराला दोन्हींची ओळख हवी. झडती व जप्तीचे चित्रीकरण नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 105 ने आवश्यक झाले आहे, हे तर फारच थोड्यांना ठाऊक असते.

आपल्या जिल्ह्याविषयीचे अज्ञानही खटकते. सोलापूरच्या उमेदवाराला वारीचा बंदोबस्त, बीडच्या उमेदवाराला ऊसतोड कामगारांचे स्थलांतर, रायगडच्या उमेदवाराला मुंबईतील बॉम्बस्फोटांसाठी 1993 मध्ये शेखाडीच्या किनाऱ्यावर उतरलेली स्फोटके यांविषयी दोन वाक्ये तरी स्वतःच्या विचाराने बोलता यायला हवीत.

या निमित्ताने पोलीस अधीक्षक कार्यालयांना माझी एक सूचना आहे. मुलाखतीस पात्र ठरलेल्या आपापल्या जिल्ह्यातील उमेदवारांना एक दिवस ठाण्यात बोलावावे; स्टेशन डायरी कशी लिहितात, पंचनाम्यात काय असते, मुद्देमाल कसा सांभाळतात, हे एखाद्या अनुभवी हवालदाराने त्यांना समजावून द्यावे. फिर्यादींची नावे व चालू तपासाचे कागद अर्थातच त्यांच्यासमोर येऊ नयेत, आणि महिला व बालकांच्या तक्रारींची प्रकरणे पूर्णपणे वगळावीत. यासाठी फारसा खर्च येणार नाही. मुलाखतींचे वेळापत्रक जाहीर होताच अधीक्षकांनी दिवस ठरवून दिला तरी पुरेसे आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त पोलीस अधिकारी, सातारा